पंक्चरचे ठिगळ आणि ६४० युरो

पत्र: मी बासष्ट वर्षांची आहे, बँकेतून निवृत्त झाले आहे. मुलगा म्युनिकला असतो. गेल्या मार्चमध्ये त्याच्याकडे गेले असताना सुनेने दागिन्यांची प्रदर्शने दाखवायला नेले आणि एका लहानशा गॅलरीत एक ब्रोच मला इतका आवडला, की मी तो ६४० युरोंना घेतला. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पाच पाकळ्या, त्यांतल्या एकीवर पंक्चर काढल्याचे खरे ठिगळ, आणि मागे चांदीची चौकट. करणारी मुलगी तिथल्या कला अकादमीतून नुकतीच शिकून बाहेर पडली आहे. घरी आल्यावर माझ्या धाकट्या दिरांनी (त्यांची सराफी पेढी आहे) तो तराजूवर ठेवला, ‘चांदी फार तर तोळाभर’ म्हणाले आणि वर, ‘वहिनी, पंक्चरवाल्याने हे फुकट दिले असते.’ सगळे हसले, मीही हसले. तेव्हापासून ब्रोच कपाटात आहे. मी फसले का? फसले नसेन, तर ठेवीची मुदत संपून आलेल्या तीन लाखांतून असे आणखी काही घ्यावे का? आणि साडीवर हे घालायचे तरी कसे?
– एक वाचक, पुणे

उत्तर: पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. आपण फसलेला नाहीत. तरीही आपले दीर चुकले असे मी म्हणणार नाही, कारण त्यांनी जे मोजले ते बरोबर मोजले. सराफाच्या पेढीवर दागिना ठेवला की वजन, कस आणि त्या दिवसाचा भाव यांवरून त्याची किंमत ठरते; घेताना घडणावळ वर पडते, आणि मोडीला देताना ती घडणावळ शून्य होऊन शिवाय घटही कापली जाते. हा हिशोब रुक्ष असला तरी प्रामाणिक आहे, आणि आपल्याकडच्या बायकांच्या हाती स्वतःचे म्हणावे असे जे थोडेफार धन पिढ्यान्‌पिढ्या राहिले, ते याच हिशोबाच्या जोरावर राहिले. त्याची एक बाजू मात्र आपण फारशी बोलून दाखवत नाही. आजीचे गोठ मोडून आईच्या पाटल्या होतात, पाटल्या मोडून सुनेच्या बांगड्या होतात, आणि दर वेळी मुशीत जाते ते कुणा सोनाराचे काम. सोने टिकते, दागिना टिकत नाही. आपण घेतलेल्या ब्रोचचे गणित याच्या अगदी उलटे आहे: तो मोडला तर हाती काहीच येणार नाही, म्हणून तो मोडायचाच नाही, हे त्याच्या किमतीतच धरलेले आहे.

आता ते ६४० युरो गेले कुठे, हे बँकेत आयुष्य काढलेल्या व्यक्तीला आकड्यांत सांगितलेलेच बरे. जर्मनीत अशा वस्तूवर साधारणपणे १९ टक्के मूल्यवर्धित कर लागतो आणि तो छापील किमतीतच धरलेला असतो. तो वजा केला की ५३८ युरो उरतात. कलावंतांनी घडवलेल्या अशा दागिन्यांच्या क्षेत्रातल्या गॅलऱ्या सामान्यतः निम्मी रक्कम ठेवतात. म्हणजे त्या मुलीच्या हाती २७० युरोंच्या आसपास पडले असतील, आणि त्यातून तिने चांदी, हत्यारे, कामाच्या जागेचे भाडे आणि तो ब्रोच नीट जमेपर्यंत बिघडलेले दोन-चार नमुने भागवले असतील. गॅलरीचा निम्मा वाटा पाहून भुवया उंचावतात, पण न विकली जाणारी कामे वर्षानुवर्षे मांडून ठेवणे, प्रदर्शने भरवणे आणि आपल्यासारख्या अनोळखी पाहुणीला अर्धा तास समोर बसवून पाचही पाकळ्या हाताळू देणे हे सारे त्याच वाट्यातून चालते. (जाता जाता: युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या व्यक्तीने ५० युरोंहून अधिकची खरेदी तीन महिन्यांच्या आत बरोबर घेऊन युरोपीय संघ सोडला, तर त्या कराचा बराचसा भाग परत मिळू शकतो, मात्र त्यासाठी दुकानातून अर्ज घ्यावा लागतो आणि विमानतळावर सीमाशुल्क विभागाचा शिक्का लागतो. या वेळी राहिले असेल तर पुढच्या वेळी विसरू नका.)

रबर आणि मौल्यवान धातू यांची ही जोडी आपल्या ब्रोचपाशी आली ती एका जुन्या कामाची आठवण घेऊनच. ओटो क्युन्झली या स्विस कलावंताने १९८० मध्ये काळ्या रबराचे एक साधे कडे केले. त्याला एका ठिकाणी फुगवटा आहे आणि त्या फुगवट्यात सोन्याचा एक गोळा आहे, असे तो सांगतो. गोळा दिसत नाही. पाहायचा असेल तर रबर कापावे लागेल, आणि कापले की कडे संपले. नाव आहे ‘सोने आंधळे करते’. आपल्या दिरांना हे कडे दाखवता आले असते तर मला फार आवडले असते, कारण सराफाला यासारखा अवघड प्रसंग नाही: सोने आहे हे मान्य, पण ते कसोटीवर घासायचे तर दागिनाच नाहीसा करावा लागतो. घालणारीने करणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, एवढाच कस उरतो. हेच क्युन्झली पुढे १९९१ ते २०१४ या काळात म्युनिकच्या अकादमीत दागिन्यांच्या वर्गाचे प्राध्यापक होते. आपल्या ब्रोचची कर्ती त्यांच्या नंतरच्या काळातली, पण त्याच वर्गातून घडली असेल तर तिला रबर हे नुसते स्वस्त साहित्य म्हणून सुचले असेल असे मला वाटत नाही.

त्यांचे आणखी एक काम सांगते, कारण ते आपल्याकडच्या वाचकाच्या जास्त जिव्हारी लागेल. १९८५-८६ मध्ये त्यांनी लोकांच्या वापरलेल्या ४८ लग्नाच्या अंगठ्या गोळा केल्या, त्या कापून एकमेकींत अडकवल्या आणि त्यांची साखळी केली. वजनाने पाहिले तर ते निव्वळ सोने आहे. आपल्या दिरांनाही तक्रारीला जागा नाही. पण ती गळ्यात घालायला कुणाचा हात चटकन पुढे होईल? कुणाची अंगठी वैधव्याने निघाली असेल, कुणाची घटस्फोटाने, कुणाची निव्वळ पैशांच्या नडीने. एखाद्या अनोळखी बाईचे मंगळसूत्र स्वस्तात मिळाले तरी आपण ते घालत नाही. वजनापलीकडचा हा हिशोब आपल्याला मुळीच परका नाही. तो आपण मंगळसूत्राबाबत करतो आणि ब्रोचबाबत विसरतो.

सोन्याशी उघड भांडण मात्र त्याआधीच नेदरलँड्समध्ये झाले. खाइस बाकर आणि एमी फान लीर्सुम या दांपत्याने १९६७ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात अ‍ॅल्युमिनियमचे मोठाले गळाबंद मांडले, तेव्हा दागिना म्हणजे श्रीमंतीची पाटी हे समीकरण त्यांना मोडायचे होते. पुढे १९७३ मध्ये बाकर यांनी सोन्याची बारीक तार दंडावर इतकी घट्ट आवळली, की ती काढल्यावर त्वचेवर वळ उरला, आणि तो वळ हाच दागिना, असे सांगितले. हे वाचताना मला नेहमी आपल्याकडच्या जुन्या बायकांचे गोंदण आठवते. मेल्यावर बरोबर येते ते एवढेच, बाकी सगळे इथेच काढून ठेवावे लागते, असे त्या म्हणत. बाकर यांना हे ठाऊक असण्याचे कारण नाही, पण घराघरातल्या आज्यांना ठाऊक होते.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजूही स्पष्ट करायला हवी, नाहीतर आपण पुढच्या प्रदर्शनातून रबराचे पोते घेऊन याल. साहित्य स्वस्त असले म्हणजे काम गहन होतेच असे नाही. या क्षेत्रात कंटाळवाणी कामे भरपूर आहेत: कुठल्यातरी खेळण्याचा तुटका हात, त्यावर लोकरीचा गुंता, खाली कलावंताचे पानभर निवेदन, आणि त्या निवेदनात ‘स्मृती’ आणि ‘देह’ हे शब्द सहा वेळा. माझी साधी कसोटी अशी, की निवेदन न वाचता वस्तू हातात घ्यावी आणि ती काही बोलते का पाहावे. नंतर वाचून कळले ते बोनस. क्युन्झलींच्या कड्याला तीन शब्दांचे नाव पुरले होते. आपल्या पत्रात आपण निवेदनाचा उल्लेखही केलेला नाही, आणि ठिगळाचा मात्र आवर्जून केला आहे. ज्या ठिकाणी ट्यूब फुटली होती आणि कुणीतरी ती वाचवली होती, तो भाग त्या मुलीने कापून टाकला नाही, उलट पाकळीवर अशा जागी ठेवला की नजर आधी तिथेच जावी. आपल्याला आवडले ते हेच असावे, असा माझा तर्क आहे. पंक्चरवाल्याने ट्यूब फुकट दिली असती हे खरे. ही निवड मात्र त्याच्याकडे नव्हती.

दुसरी कसोटी मागच्या बाजूची. ब्रोच घेताना तो नेहमी उलटा करून पाहावा, कारण पुढून कल्पना दिसते आणि मागून कारागिरी. पिन स्टीलची आहे की मऊ चांदीची, अडकवण्याचा आकडा नीट बसतो की बोटाने ढकलल्यावर हलतो, डाख स्वच्छ आहे की त्याचे थेंब चौकटीवर पसरले आहेत, वजन एकाच पिनेवर लोंबते की दोन पिनांवर वाटले गेले आहे, हे सगळे तिथे उघडे पडते. डेव्हिड बीलांडर या स्विस कलावंताची कडी दिसायला अगदी खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्याची, स्टेपलर मारून जोडलेली. पण हातात घेतल्यावर कळते की पुठ्ठा म्हणजे रंग चढवलेली चांदी आहे आणि स्टेपलची तार पांढऱ्या सोन्याची. असा विनोद जमतो तो केवळ हात तयार असल्यामुळे; ढिसाळ कामात तो नुसता पुठ्ठा राहिला असता.

आता तीन लाखांचा प्रश्न. गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर एक रुपयाही घालू नका, असे मी निःसंकोच सांगेन. या दागिन्यांना मोड नाही, रोजचा भाव नाही, आणि मोजकी मोठी नावे सोडली तर पुनर्विक्रीचा बाजारही जवळजवळ नाही. उद्या अडचण आली तर आपल्या ब्रोचचे ६४० युरो सोडा, ६४ देणारेही पुण्यात सापडणार नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही मालमत्ता तारण ठेवता येत नाही. ज्यांनी आयुष्यभर असे दागिने जमवले त्यांतल्या बहुतेकांनी ते परताव्यासाठी जमवलेले नव्हते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या हेलन ड्रट या गॅलरी चालवणाऱ्या बाईंनी जमवलेला संग्रह २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयाकडे गेला. व्हिएन्नात गॅलरी चालवणाऱ्या इंगे आसेनबाउम यांनी जमवलेले ७०० हून अधिक दागिने २०१४ मध्ये डॅलसच्या कला संग्रहालयाकडे आले. या दोघी कर्त्यांना ओळखत होत्या, त्यांची सुरुवातीची, कुणी विचारत नसतानाची कामे घेत होत्या आणि ती घालून चारचौघांत हिंडत होत्या. संग्राहकांनीच एकत्र येऊन १९९७ मध्ये अमेरिकेत ‘आर्ट ज्वेलरी फोरम’ ही संस्था काढली, तीही लेख, सहली आणि नव्या कर्त्यांना पुरस्कार यांसाठी. या लहानशा जगात करणारा, विकणारा आणि घेणारा एकमेकांना नावाने ओळखतात, आणि किंमत टिकते ती बरीचशी त्या ओळखीवर.

म्हणून माझा सल्ला असा, की तीन लाख पुन्हा ठेवीत टाका आणि त्याच्या वार्षिक व्याजातून झेपेल तेवढीच खरेदी करा. ती रक्कम लहान वाटेल, पण नव्याने पदवी घेतलेल्यांची कामे आणि अंगठीसारख्या छोट्या वस्तू तेवढ्यात येऊ शकतात, आणि अनेक गॅलऱ्या दोन-तीन हप्त्यांत पैसे घ्यायलाही तयार असतात. विचारायला संकोच करू नका. दहा जणांची एकेक वस्तू घेण्यापेक्षा दोघा-तिघांचे काम वर्षानुवर्षे पाहत राहणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण तसे केल्यावर कोण पुढे चालले आहे आणि कोण स्वतःचीच नक्कल करत आहे हे आपोआप कळू लागते. प्रत्येक खरेदीचा कागद मात्र बँकेच्या शिस्तीने ठेवा: बिल, कर्त्याचे नाव, कामाचे नाव आणि वर्ष, साहित्याची यादी, पुढचा आणि मागचा फोटो. गॅलरीकडे नोंद असेल या भरवशावर राहू नका. अ‍ॅम्स्टरडॅमची ‘रा’ ही गॅलरी १९७६ पासून चालली आणि या क्षेत्रातले एक मोठे ठिकाण मानली गेली, तरी २०१९ मध्ये ती बंद झाली. ज्यांच्याकडे कागद आहेत त्यांना अशा वेळी काळजी नसते.

पुढच्या मार्चमध्ये मुलाकडे जाणार असाल तर विकत घेण्यापेक्षा पाहण्यात अधिक वेळ घालवा. म्युनिकच्या हस्तव्यवसाय मेळ्यात ‘श्मुक’ नावाचे दागिन्यांचे प्रदर्शन १९५९ पासून भरते आणि त्याच आठवड्यात शहरभर, रिकाम्या दुकानांत आणि स्टुडिओंत, डझनावारी छोटी प्रदर्शने मांडलेली असतात. तिथली माणसे समोरच्याच्या चेहऱ्याआधी त्याच्या छातीवरचा ब्रोच पाहतात. आपला ब्रोच कपाटात ठेवून तिथे जाऊ नका. त्याच शहरात पिनाकोथेक डेअर मॉडर्न या संग्रहालयाच्या डॅनर रोटुंडामध्ये २००४ पासून अशा दागिन्यांचे दालन कायमचे खुले आहे. एक दिवस आगगाडीने फोर्झहाइमला जाता आले तर तिथल्या दागिन्यांच्या संग्रहालयात प्राचीन काळापासून आजपर्यंतचे काम एकाच छताखाली पाहायला मिळते, आणि रबराच्या पाकळ्या एकदम आकाशातून पडलेल्या नाहीत हे डोळ्यांना पटते.

साडीचे तर अगदी सोपे आहे. आपण सगळ्याच जणी पदराला डाव्या खांद्यावर साडीपिन लावतो, आणि पारशी बायकांनी तर खांद्यावर ब्रोच लावण्याची पद्धत कधीपासून रुळवली आहे. तेव्हा जागा तयारच आहे, फक्त आजवर आपण तिथली पिन लपवत आलो. पैठणीवर किंवा पातळ सिल्कवर मात्र हा ब्रोच लावू नका; जाड पिनेने रेशमाला भोक पडते आणि वजनाने पदर ओघळतो. खादी, जाड हातमाग किंवा हिवाळ्यात शाल चांगली. आतल्या बाजूला फेल्टचा किंवा जुन्या ब्लाउजच्या अस्तराचा रुपयाएवढा तुकडा धरून त्यातून पिन काढली, की वजन कापडावर पसरते आणि ब्रोच पुढे झुकत नाही. आणि त्या दिवशी गळ्यात दुसरे काही घालू नका. ठिगळाला बोरमाळेशी स्पर्धा करायला लावणे दोघांवरही अन्याय आहे.

राहिले कपाट. ब्रोच तिथे ठेवून आपण त्याला सुरक्षित समजत असाल, तर तसे नाही. ट्यूबचे रबर टिकाऊ आणि लवचीक करण्यासाठी त्यात गंधक वापरलेले असते, आणि चांदी काळी पडते ती गंधकानेच. बंद डबीत हे दोघे शेजारी ठेवले की चौकट लवकर काळवंडेल. कदाचित त्या मुलीला तेच हवे असेल, कदाचित नसेल; तिला विचारल्याशिवाय चांदी पॉलिश करू नका. डांबरगोळ्यांच्या कप्प्यात तर मुळीच ठेवू नका, त्यांची वाफ काही प्रकारच्या प्लॅस्टिकला आणि लुकणांना सोसत नाही. थेट ऊनही रबराला तडे पाडते. मऊ सुती कापडात, हवा खेळेल अशा खणात ठेवा आणि महिन्यातून एकदा तरी घालून बाहेर पडा.

आपल्या दिरांना ब्रोच पुन्हा एकदा दाखवा, या वेळी तराजूऐवजी भिंग घेऊन, आणि मागची बाजू वर करून. पिनेचा सांधा कसा केला आहे हे त्यांच्याइतके चांगले सांगणारे आपल्या घरात दुसरे कुणी नाही. फक्त दुरुस्तीची वेळ आली तर एक लक्षात ठेवा. माझ्याकडच्या एका रेझिनच्या ब्रोचची पिन सैल झाली होती. मी तो नेहमीच्या सोनाराकडे दिला, त्याने नेहमीच्या सवयीने ज्योत धरली, आणि पिन पक्की झाली तेव्हा मागे पिवळा बुडबुडा आलेला होता. आपल्या ब्रोचलाही डाख द्यायचा तर आधी पाकळ्या काढाव्या लागतील. त्या कशाने बसवल्या आहेत आणि कशा निघतात, हे सध्या फक्त ती मुलगी जाणते, आणि तिचा पत्ता आज गॅलरीकडे आहे. बिल काढून तिला चार ओळी लिहा, त्यात चांदीचे विचारा, पाकळ्यांचे विचारा, आणि जमले तर आपल्या खांद्यावरच्या ब्रोचचा एक फोटोही पाठवा.